बंद रेंज, बंद लोकल

महाराष्ट्र शासनाने २९ जुलै २०२० रोजी टाळेबंदी वाढवणारा आदेश काढला. 'मिशन बिगिन अगेन' या नावाने त्या उन्हाळ्यापासून निघत आलेल्या आदेशांच्या मालिकेतलाच तो एक. दुकाने, मॉल, टॅक्सी, लग्नाला किती माणसे, अंत्यविधीला किती, अशा कलमांच्या गर्दीत त्यात एक छोटे कलम होते. संघाने न खेळल्या जाणाऱ्या काही खेळांना ५ ऑगस्टपासून परवानगी मिळाली. गोल्फ, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, मोकळ्या जागेतले बॅडमिंटन, मल्लखांब आणि त्याच ओळीत मोकळ्यावरची फायरिंग रेंज. सामाजिक अंतर आणि निर्जंतुकीकरण या दोन अटी होत्या.

दुसरा आदेश ४ नोव्हेंबरचा. वर्तमानपत्रांनी त्यातली चित्रपटगृहांची बातमी मोठी केली, कारण निम्म्या आसनांवर पडदे पुन्हा उजळणार होते. त्याच आदेशाने ५ नोव्हेंबरपासून बॅडमिंटन हॉल, स्क्वॉश कोर्ट आणि बंदिस्त शूटिंग रेंज उघडायला मुभा दिली.

मोकळी रेंज ५ ऑगस्टला आणि बंदिस्त रेंज ५ नोव्हेंबरला. मधल्या तीन महिन्यांत नेमबाजीचे दोन तुकडे झाले होते. पन्नास मीटर रायफल मोकळ्यावर चालते, पंचवीस मीटर पिस्तूलही बहुतेक ठिकाणी मोकळ्या किंवा अर्ध्या उघड्या रेंजवर चालते. दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल मात्र छपराखालचा खेळ आहे आणि शाळा-कॉलेजातली मुले खेळात शिरतात ती याच दाराने. तेव्हा मार्चच्या टाळेबंदीपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात महिने, महाराष्ट्रातल्या नवशिक्या नेमबाजाला कायद्याने सरावाची जागाच नव्हती. २०२०-२१च्या नेमबाजी हंगामावर बोलताना आपण टोकियो, दिल्ली, क्रोएशिया असे बोलतो. कागद मात्र आधी या तीन महिन्यांकडे बोट दाखवतात, आणि अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या बाजूने पाहिले तर त्याहून साध्या एका गोष्टीकडे, रेल्वेच्या परिपत्रकांकडे.

आधी आंतरराष्ट्रीय वेळापत्रक लावून घेऊ. २०२० हे ऑलिंपिकचे वर्ष. भारताने नेमबाजीत १५ जागा मिळवल्या होत्या, त्यात कोल्हापूरच्या दोन. राही सरनोबतने २०१९च्या म्युनिक विश्वचषकात पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकून जागा पक्की केली होती. तेजस्विनी सावंतने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर थ्री पोझिशनमधून आपली जागा मिळवली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. २०१०मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात विश्वविजेती झालेल्या तेजस्विनीचे ते पहिलेच ऑलिंपिक ठरणार होते. दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर १५ ते २६ मार्च विश्वचषक, एप्रिलमध्ये टोकियोत चाचणी स्पर्धा, जूनमध्ये म्युनिक आणि बाकू, जुलैअखेर ऑलिंपिक अशी रांग लागली होती.

ही रांग मोडली ती व्हिसाच्या बाजूने. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भारताने चीनपाठोपाठ इटली, इराण, दक्षिण कोरिया आणि जपानच्या नागरिकांचे व्हिसा स्थगित केले. नेमबाजीत चीन, कोरिया आणि इटली यांना वगळून विश्वचषक घेणे म्हणजे नावापुरती स्पर्धा घेणे. सायप्रसला निकोसियात शॉटगनचा विश्वचषक सुरू होता, तिथून भारताने आपला संघ मागे घेतला होता. ६ मार्चला दिल्लीची स्पर्धा पुढे ढकलली गेली आणि नव्या तारखाही दिल्या गेल्या. रायफल-पिस्तूल ५ ते १२ मे, शॉटगन २ ते ९ जून. त्या नव्या तारखा आज वाचताना जाणवते, की संकट काही आठवड्यांचे आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. २४ मार्चला ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले. त्याच रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. ६ एप्रिलला दिल्लीचा विश्वचषक रद्दच झाला. त्यानंतर म्युनिक गेले, बाकू गेले, ज्युनियरांचा झूलचा विश्वचषक गेला.

आता मुंबई. उपनगरातल्या नेमबाजाचे मोठे ठिकाण वरळी. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची तिथली रेंज ही शहराच्या नेमबाजीची शाळाच आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी ऑलिंपिकपटू या शहराच्या नेमबाजीतून घडल्या. वरळी ज्या जी दक्षिण विभागात येते, तो करोनाच्या पहिल्या लाटेत मुंबईतल्या सर्वाधिक बाधित भागांपैकी एक होता. मार्चअखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. वरळीचाच एनएससीआय डोम करोना केंद्र झाला. उपनगरांत गोरेगावच्या नेस्कोत, मुलुंडला, दहिसरला खाटा लागल्या. शहरातले सगळ्यांत मोठे छत त्या वर्षी रुग्णांसाठी लागत होते आणि ते योग्यच होते.

पण रेंज उघडली म्हणून बोरिवलीचा मुलगा तिथे पोहोचतो असे नाही. उपनगरी लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून थांबल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. २१ ऑक्टोबरपासून महिलांना मुभा मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सर्वसामान्य प्रवाशांना दार उघडले १ फेब्रुवारी २०२१ला. तेही पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर.

या तारखा रेंजच्या तारखांशेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. ५ नोव्हेंबरला बंदिस्त रेंज उघडायला परवानगी मिळाली तेव्हा मुलुंडची एखादी कॉलेजकन्या दुपारच्या लोकलने दादरला उतरून वरळी गाठू शकत होती. तिच्याच क्लबातल्या मुलाला ती सोय आणखी तीन महिने नव्हती. हा भेद कोणी ठरवून केलेला नव्हता. गर्दी हळूहळू वाढू द्यायची म्हणून रेल्वेने टप्पे आखले आणि त्यांच्या वाटेत नेमबाजी आली, इतकेच. पण खेळाचा इतिहास लिहिताना क्रीडा संघटनेची पत्रके चाळून भागत नाही, रेल्वेची परिपत्रकेही बाजूला ठेवून वाचावी लागतात, हे मला या कागदांनी शिकवले.

बस होती, हे खरे. 'बेस्ट' ८ जूनपासून सर्वांसाठी धावू लागली. बोरिवली ते वरळी हे अंतर रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटरचे आहे. एअर रायफलचे वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकते. त्याखेरीज जाड कॅनव्हास-चामड्याचे जॅकेट, तसलीच ट्राउझर, सपाट तळाचे बूट, स्टँड, छर्ऱ्यांचे डबे. आसनसंख्येवर मर्यादा असलेल्या, तोंडाला मास्क लावून उभे राहायच्या बसमध्ये एवढे घेऊन रोज जायचे-यायचे म्हणजे सरावाआधीच खांदे आणि पाठ संपणार. नेमबाजीत स्कोअर कशावर उभा राहतो, तर याच खांद्या-पाठीच्या निश्चलतेवर. एअर रायफलच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते, दहा मीटरवरून.

मग घरी सराव का नाही? हा प्रश्न त्या काळात खूप विचारला गेला आणि काहींच्या बाबतीत त्याला उत्तरही होते. १५ एप्रिल २०२० रोजी माजी आंतरराष्ट्रीय नेमबाज शिमोन शरीफ यांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. घरी इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असलेल्या नेमबाजांनी आपापल्या घरातून गोळ्या झाडल्या आणि जगभरच्या लोकांनी पडद्यावर पाहिल्या. मनू भाकर, दिव्यांश सिंह पन्वर यांच्यासारखी नावे त्यात होती. सगळे बंद असताना कोणीतरी खेळ चालू ठेवला, याचे श्रेय त्या प्रयत्नाला द्यायलाच हवे.

पण त्यात उतरायला घरात दहा मीटरची सरळ रेषा लागते. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनातले घर अनेक वर्षे २६९ चौरस फुटांचे होते, म्हणजे पंचवीस चौरस मीटर. चौकोनी धरले तर पाच बाय पाच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजले तरी सात मीटरच भरतात. घाटकोपरच्या जुन्या इमारतीतला वन बीएचके याच्या दुप्पट असेल, पण भिंती, स्वयंपाकघर आणि माणसे त्याच रेषेत येतात. त्या काळात सगळे कुटुंब चोवीस तास घरात होते. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये रायफल लावणे तर कोणी मागूही नये. उरतो तो ड्राय फायरिंगचा सराव, म्हणजे छर्रा न भरता उभे राहायचे, श्वास रोखायचा, ट्रिगर दाबायचा. प्रशिक्षक त्याला फार महत्त्व देतात आणि ते बरोबर आहे, कारण ट्रिगर, श्वास आणि तोल ही तिन्ही कामे त्यात होतात. मात्र लक्ष्यावर छिद्र पडत नाही, स्कोअर येत नाही, आणि शेजारच्या लेनमधल्या मुलाचा आकडा आपल्यापुढे गेल्यावर पोटात जो गोळा येतो त्याची सवय होत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या खेळाडूला तीच सवय लावायची असते.

याच काळात, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, मुंबईत संजय चक्रवर्ती गेले. वय ७९. २०१७मध्ये त्यांना जीवनगौरवासाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे तिघीही त्यांच्या शिष्या. अंजली २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोहोचली आणि पुढे २००३मध्ये मिलानला विश्वचषक अंतिम स्पर्धेचे सुवर्ण तिने आणले. सुमाने २००४मध्ये क्वालालंपूरला पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण मिळवले आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. एका शहरातून, एका प्रशिक्षकाच्या हाताखालून हे झाले. मुंबईच्या नेमबाजीची जी परंपरा आपण म्हणतो, तिचा मोठा भाग त्या माणसाच्या डोळ्यांत आणि स्वरात होता. ते गेले तेव्हा त्यांच्या शहरातल्या बंदिस्त रेंज उघडायला अजून महिना बाकी होता.

वरच्या पायरीवर मात्र हालचाल सुरू झाली होती. १५ ऑक्टोबर ते १४ डिसेंबर या काळात दिल्लीत कर्णी सिंह रेंजवर ऑलिंपिक गटासाठी दोन महिन्यांचे शिबिर मंजूर झाले. ३२ नेमबाज, १८ पुरुष आणि १४ महिला. खर्च १ कोटी ४३ लाख. ते ऑगस्टमध्येच सुरू व्हायचे होते, पण पुढे गेले. ज्यांना टोकियो दिसत होते त्यांच्यासाठी हा खर्च करायलाच हवा होता, त्यात मला तक्रार दिसत नाही. पण हे शिबिर सुरू झाले त्या दिवशी महाराष्ट्रातल्या दहा मीटरच्या रेंज कायद्याने बंद होत्या. बत्तीस जण पुढे गेले आणि त्यांच्या मागची रांग जागीच उभी राहिली.

ही रांग कशी चालते ते सांगायला हवे, नाहीतर नुकसान कळणार नाही. मुलगा आधी राज्य स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर करतो. मग 'मावळंकर', म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची राष्ट्रीय-पूर्व स्पर्धा. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच होते. तिथून राष्ट्रीय स्पर्धा, तिथून 'रिनाउन्ड शॉट', म्हणजे नामांकित नेमबाजाचा दर्जा, मग निवड चाचण्या. एक पायरी चुकली की वर्ष जाते. ६३वी राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबर २०१९मध्ये भोपाळला सुरू झाली होती. ६४वी झाली नोव्हेंबर-डिसेंबर २०२१मध्ये. क्रमांक एकाला एक लागून आहेत, वर्षे मात्र नाहीत. नोंदवहीत अनुक्रमांक वाचणाऱ्याला काही घडलेच नाही असे वाटेल. युवा गट अठरा वर्षांखालचा, ज्युनियर एकवीसखालचा. २०१९च्या डिसेंबरात सोळा वर्षांचा असलेला मुलगा पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत अठरा वर्षांचा होऊन उभा राहिला. युवा गटातले त्याचे शेवटचे वर्ष झालेच नाही.

मार्च २०२१चा दिल्ली विश्वचषक हा या काळातला सर्वांत उजळ कागद. १८ ते २९ मार्च, ५३ देश. भारताची ३० पदके, १५ सुवर्ण, ९ रौप्य, ६ कांस्य. पदकतालिकेत पहिला क्रमांक. पंचवीस मीटर पिस्तुलात तिन्ही पदके भारताची. चिंकी यादव आणि राही सरनोबत ३२-३२ अशा बरोबरीत आल्या, शूट-ऑफमध्ये चिंकी जिंकली, मनू भाकर तिसरी. संजीव राजपूत आणि तेजस्विनी सावंत यांनी थ्री पोझिशनच्या मिश्र गटात युक्रेनला ३१-२९ असे हरवले. पुरुषांच्या थ्री पोझिशन सांघिक सुवर्णात कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे होता.

हा तक्ता वाचताना दोन गोष्टी जवळ ठेवाव्या लागतात. चीन, जपान, जर्मनी हे मोठे देश आले नव्हते. आणि स्पर्धेच्या काळात काही नेमबाज करोनाबाधित निघाले, त्यांना वेगळे ठेवून उरलेल्यांनी खेळ पुरा केला. म्हणजे तीस पदके खरी, पण कोणापुढे, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. त्या वेळी टोकियोबद्दल जी अपेक्षा उंचावली ती हा दुसरा भाग न वाचता उंचावली, असे माझे मत आहे.

स्पर्धा संपून आठवडा झाला आणि ४ एप्रिलला महाराष्ट्राचा 'ब्रेक द चेन' आदेश आला. क्रीडा संकुले पुन्हा बंद. १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून संचारबंदी. २२ एप्रिलपासून लोकल पुन्हा शासकीय आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांपुरती. ५ नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात, हे पाच महिने उपनगरातल्या दहा मीटरवाल्यांना मिळाले होते, आणि त्यातले पहिले तीन मुलांना लोकलविना.

ऑलिंपिक संघ ११ मे रोजी खास विमानाने क्रोएशियाला गेला. भारतात दुसरी लाट ऐन भरात होती आणि इथे राहून सराव होणार नव्हता. ओसिएकमध्ये युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत पाहुणे म्हणून खेळायचे, मग २२ जूनपासून विश्वचषक, तिथूनच टोकियो. जुलैच्या मध्यापर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ घराबाहेर. संघ तिथे असताना, २० मे रोजी नाशिकच्या पिस्तूल प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांचे निधन झाले. करोनातून उठल्यावर त्यांना काळ्या बुरशीच्या आजाराने गाठले होते. राष्ट्रीय प्रशिक्षकांच्या गटात त्या होत्या. लहान शहरातल्या रेंजवरून मुले घडवून देशाच्या संघापर्यंत नेणारी ही बाई पंचेचाळिशीच्या आत गेली. या हंगामाच्या नोंदीत तिचे नाव पदकांच्या रकान्यात नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

२८ जूनला ओसिएकला राही सरनोबतने सुवर्ण जिंकले. पात्रता फेरीत ५९१, अंतिम फेरीत ५० पैकी ३९. दुसरी आलेली फ्रान्सची माथिल्ड लामोल ३१वर होती. आठ गुणांचे अंतर पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत सहसा दिसत नाही. त्या विश्वचषकातले भारताचे ते एकमेव सुवर्ण. महिन्याभराने, २९ आणि ३० जुलैला, टोकियोजवळ असाका रेंजवर राहीचा स्कोअर ५७३, क्रमांक ३२. दुसऱ्या दिवशी तेजस्विनी ११५४ गुणांसह ३३वी. भारताच्या पंधरा जणांत वैयक्तिक अंतिम फेरी गाठली ती एकट्या सौरभ चौधरीने.

५९१ आणि ५७३ या आकड्यांमध्ये अठरा गुण आहेत आणि एक महिना आहे. त्या वेळी या अठरा गुणांवर फार कठोर लिहिले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. पंचवीस मीटर पिस्तुलात साठ गोळ्या असतात, गोळीमागे सरासरी तीन दशांश गुणाची घसरण झाली की अठरा जातात. मे महिन्यात घर सोडलेला, विलगीकरणातून हॉटेलात आणि हॉटेलातून रेंजवर एवढेच फिरलेला, दीड वर्षात मोजक्या स्पर्धा मिळालेला खेळाडू ठरलेल्या एका दिवशी शिखरावर असेलच, याची हमी कुठल्याच शिबिराला देता आली नसती. २०१९मध्ये ज्या हंगामासाठी ही तयारी केली होती, तो हंगाम कधी झालाच नाही.

मागच्या रांगेतून एक नाव टोकियोनंतरच्या शरद ऋतूत पुढे आले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, जन्म डिसेंबर २००३. टाळेबंदी लागली तेव्हा सोळा वर्षांचा. ऑक्टोबर २०२१मध्ये संपलेल्या लिमाच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत एअर रायफलचे रौप्य, आणि वर्षभराने कैरोत थेट जागतिक विजेतेपद. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात विश्वविजेता झालेला तो दुसरा भारतीय. मुलुंड टोलनाक्याच्या पलीकडचा हा मुलगा याच आदेशांखाली वाढला. त्याच्याकडे पाहून टाळेबंदीने काही बिघडले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. एका विश्वविजेत्याच्या कागदांवरून एका पिढीचा हिशेब लागत नाही.

त्या पिढीचा शेवटचा कागदही रेल्वेचाच आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. अठरा वर्षांखालच्यांना तेव्हा देशात लसच नव्हती. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण सुरू झाले ३ जानेवारी २०२२ला. म्हणजे नियमाप्रमाणे वागणाऱ्या मुलाला लोकलचा पास मिळू शकत नव्हता, त्याच्या प्रशिक्षकाला मिळत होता. अठराखालच्यांना लसीच्या अटीतून सूट मिळून लोकलमध्ये बसता आले ते ऑक्टोबरमध्ये. ६४वी राष्ट्रीय स्पर्धा नोव्हेंबरात सुरू झाली.